घराभोवती आणि देहाभोवती घातलेले कडे : रक्षाकवच कसे रचले जाते

आजच्या इराकमधील निनेव्ह येथे प्राचीन असिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या राजवाड्याचे उत्खनन झाले, तेव्हा तेथे मातीचे पाच छोटे कुत्रे पुरलेले सापडले. इ.स.पू. सातव्या शतकातील हे कुत्रे मुठीत मावतील एवढे असून आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रत्येकाच्या अंगावर त्याचे नाव कोरलेले आहे. एक ‘दुष्टांना हाकलणारा’, दुसरा ‘शत्रूला पकडणारा’, तिसरा ‘वैऱ्याला चावणारा’, चौथा ‘दणदणीत भुंकणारा’ आणि पाचव्याचे नाव तर सरळ आज्ञाच आहे : ‘विचार करू नकोस, चाव’.

त्या राजाकडे सैन्य होते, तटबंदी होती, पहारेकरी होते आणि खरे कुत्रेही असणारच. तरीही जमिनीखाली मातीचे कुत्रे पुरण्याची गरज भासली, कारण ज्या शत्रूंची भीती होती ते तटावर चढून येणारे नव्हते. आजारपण, तान्ह्या मुलांचे मृत्यू, वाईट स्वप्ने, कोणाचा तरी मत्सर, एकामागून एक येणारी अपयशे ही संकटे भिंतींतून, झोपेतून आणि नजरेतून आत शिरतात असे मानले जात असे, आणि न दिसणाऱ्या शत्रूला अडवायचे तर पहारेकरीही न दिसणाराच हवा, हा त्यामागचा सरळ तर्क होता. घरासाठी किंवा स्वतःसाठी जादूचे संरक्षण उभे करण्याची जी प्रथा जवळजवळ प्रत्येक संस्कृतीत आढळते, ती या तर्कावर उभी आहे. त्या संरक्षणाला या लेखात ‘रक्षाकवच’ म्हटले आहे. जागेला घातले तर त्याला ‘बंधन’ म्हणतात आणि अंगावर बाळगले तर ‘ताईत’.

या विषयावर बोलताना बहुतेक जण ताबडतोब वस्तूंकडे वळतात. मीठ घ्यावे की लोखंड, कोणती वनस्पती, कोणता दगड, कोणता दिवस, अशी यादी सुरू होते. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. जुनी रक्षाकवचे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली की वस्तू सतत बदलताना दिसतात, पण रचना मात्र फारशी बदलत नाही. प्रत्येक कवच चार प्रश्नांची उत्तरे देते. सीमा कोठे आहे? तिच्यावर पहारा कोणाचा? जे येईल त्याचे काय करायचे? आणि हे सारे किती काळ टिकायचे? ही चार उत्तरे ज्यात नाहीत ती वस्तू कितीही मंतरलेली असली, तरी तिला शोभेची वस्तू म्हणणेच योग्य ठरेल.

सीमा : जेथे घर उघडे असते

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 साली माणसाच्या आयुष्यातील संक्रमणविधींवर ग्रंथ लिहिला आणि त्यात उंबरठ्याला मध्यवर्ती स्थान दिले. उंबरठा आतही नसतो आणि बाहेरही नसतो. जी जागा दोन्हींपैकी कशातच मोडत नाही, तेथे नियम सैल होतात, आणि जेथे नियम सैल होतात तेथे माणसाला भीती वाटते. म्हणूनच भिंतीच्या मधोमध रक्षाचिन्ह क्वचितच आढळते. ते चौकटीवर, खिडकीच्या कडेला, जिन्याच्या तोंडाशी, कोपऱ्यात किंवा पायाखाली असते.

इंग्लंडमधील जुन्या घरांत अशी चिन्हे चुलीभोवतीच्या लाकडावर आणि दगडावर विशेष दाट आढळतात, आणि त्याचे कारण समजले की या लोकांच्या काटेकोरपणाचे कौतुक वाटते. दार बंद करता येते, खिडकीला झडप लावता येते, पण धुराडे रात्रंदिवस आकाशाकडे उघडेच राहते. केंट परगण्यातील नोल या भव्य वाड्यात राजा पहिला जेम्स याच्या अपेक्षित मुक्कामासाठी एक दालन तयार करण्यात आले होते. तेथील फळ्यांखालच्या तुळयांवर आणि चुलीच्या परिसरात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी आणि मुद्दाम दिलेले डाग आढळले. लाकडातील वार्षिक वलयांवरून त्या तुळया 1606 च्या सुमाराच्या ठरल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, 1605 च्या नोव्हेंबरमध्ये, संसदेखाली दारूगोळा ठेवून राजाला उडवून देण्याचा कट उघडकीस आला होता. सुतारांनी राजासाठी फक्त जमीन बसवली नाही, तर जमिनीखाली पहाराही बसवला.

मेसोपोटेमियात हेच काम लिखित विधीने होत असे. माणसाच्या घरात ‘वाईटाचे पाऊल’ पडू नये म्हणून कोणत्या मूर्ती कोणत्या लाकडाच्या किंवा मातीच्या करायच्या, त्या कोठे पुरायच्या आणि पुरताना काय म्हणायचे, याच्या सविस्तर सूचना असलेल्या मातीच्या पाट्या उपलब्ध आहेत. ‘वाईटाचे पाऊल’ हा शब्दप्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात संकटाला पाय आहेत असे गृहीत धरले आहे, आणि ज्याला पाय आहेत त्याला वाट लागते, म्हणजेच ती वाट अडवताही येते. प्राचीन इजिप्तमध्ये दुःस्वप्नांपासून रक्षण करण्यासाठी तोंडातून ज्वाळा ओकणारे मातीचे चार नाग खोलीच्या चार कोपऱ्यांत ठेवण्याचा मंत्र एका खापरावर लिहिलेला आढळला आहे. येथे सीमा दाराची नसून झोपेची आहे. झोपलेला माणूस हा कुलूप न लावलेल्या घरासारखाच असतो.

आलेल्याचे काय करायचे

हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो, कारण येथे माणसाच्या स्वभावाचे सगळे रंग दिसतात. काही जण धाक दाखवतात, काही परतवून लावतात, काही फसवतात, काही कोंडतात, आणि काही चक्क कायदेशीर नोटीस बजावतात.

धाक दाखवणे ही सर्वांत साधी युक्ती आहे. असिरियन राजवाड्यांच्या दारांत उभे असलेले मानवी मस्तकाचे, पंख असलेले अवाढव्य बैल हे तिचे भव्य रूप होय. परंतु याहून चलाख प्रकार पाझुझूचा आहे. पाझुझू स्वतःच एक भयानक राक्षस होता. त्याचे तोंड हिंस्र पशूचे, पायांना पक्ष्याची नखे आणि अंगावर पंख असत, आणि तो वाईट वाऱ्यांचा अधिपती मानला जाई. तरीही गर्भवती स्त्रिया आणि बाळे यांच्याजवळ त्याचे मस्तक टांगले जात असे, कारण बाळांना पळवणारी लमाश्तू ही राक्षसीण त्याला भीत असे. काट्याने काटा काढण्याचे याहून जुने आणि स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. रक्षण करणारा चांगलाच असला पाहिजे ही अट त्या लोकांनी घातली नव्हती. तो आपल्या बाजूचा असला म्हणजे पुरे.

परतवून लावण्याची युक्ती नजरेच्या बाबतीत प्रामुख्याने वापरली जाते. संकटे पळवून लावणाऱ्या अशा चिन्हांना अभ्यासक जो पारिभाषिक शब्द वापरतात, तो ‘वळवणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. मारणे किंवा नष्ट करणे त्यात अभिप्रेत नाही. येणाऱ्याचे तोंड दुसरीकडे फिरवले की काम झाले. प्राचीन अँटिओक शहरातील एका घराच्या प्रवेशापाशी दुसऱ्या शतकातील एक मोझाइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेले चित्र, होते. त्यात एक मोठा डोळा असून त्याच्यावर त्रिशूळ, तलवार, विंचू, साप, कुत्रा असे अनेक जण एकाच वेळी तुटून पडलेले आहेत, आणि वर ग्रीक भाषेत दोनच शब्द लिहिले आहेत : ‘तुलाही’. पाहुणा चांगल्या मनाने आला असेल तर हे शब्द शुभेच्छा ठरतात आणि वाकड्या नजरेने आला असेल तर शाप. एकाच वाक्याने दोघांचीही व्यवस्था लावणारी ही दारावरची पाटी कोणत्याही लांबलचक मंत्रापेक्षा सरस आहे.

फसवण्याचा प्रकार म्हणजे गुंतागुंतीच्या आकृत्या. कंपासने काढलेले सहा पाकळ्यांचे फूल, न तुटणारी गाठ, चक्रव्यूहासारखी रेषा यांचा अर्थ असा सांगितला जातो की दुष्ट शक्तीला रेषा दिसली की ती रेषेच्या मागे जाते आणि शेवट नसल्यामुळे तेथेच फिरत राहते. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी ते बऱ्याच अंशी नंतरच्या अभ्यासकांनी दिलेले आहे, हे ध्यानात ठेवावे. तुळईवर कंपास फिरवणाऱ्या सुताराने त्याचे कारण लिहून ठेवलेले नाही.

कोंडण्याची पद्धत मात्र चांगलीच नोंदलेली आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आपल्यावर कोणी चेटूक केले आहे असा संशय आला की पीडित व्यक्तीचे मूत्र, केस आणि नखे मातीच्या बाटलीत भरून त्यात वाकवलेल्या टाचण्या आणि खिळे घालत, आणि ती बाटली चुलीत तापवत किंवा उंबरठ्याखाली पुरत. ग्रीनिच येथे 2004 साली अशी एक बाटली बूच लावलेल्या स्थितीत सापडली. रासायनिक तपासणीत तिच्यात मूत्र, गंधक, लोखंडी खिळे, पितळी टाचण्या, केस, नखांचे तुकडे आणि खिळा आरपार घातलेला हृदयाच्या आकाराचा चामड्याचा तुकडा आढळला. मूत्रात निकोटिनचा अंश मिळाला, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी भेदरलेला तो माणूस तंबाखू ओढणारा होता हेही आपल्याला कळले. या बाटलीमागील तर्क मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी 1890 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जादूची जी दोन तत्त्वे सांगितली, त्यांवर नेमका बसतो. जे एकमेकांसारखे दिसते ते एकमेकांवर परिणाम करते, आणि जे एकदा एकमेकांच्या संपर्कात होते ते तुटल्यावरही जोडलेलेच राहते. चेटूक करणारीने बळीशी दुवा जोडलेला आहे, तर त्याच दुव्यावरून वेदना उलट पाठवता येईल, आणि बाटली म्हणजे बळीच्या देहाची प्रतिकृती. शत्रू देहाकडे यायला निघतो आणि खिळ्यांनी भरलेल्या खोट्या देहात येऊन पडतो.

आता कायदेशीर नोटिशीकडे येऊ. साधारण पाचव्या ते आठव्या शतकात मेसोपोटेमियात आतल्या बाजूने मजकूर लिहिलेले मातीचे वाडगे घराच्या जमिनीखाली पालथे पुरले जात. निप्पूर येथे सापडलेल्या वाडग्यांवरील मजकूर अभ्यासक जेम्स माँटगोमेरी यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केला. लिखाण अरामी भाषेच्या निरनिराळ्या बोलींत असून ते गोल गोल वळत जाते, आणि पुष्कळ वाडग्यांच्या तळाशी हातपाय साखळदंडांनी बांधलेला राक्षस चितारलेला असतो. पालथा वाडगा हा एक पिंजरा आहे हे उघडच आहे. परंतु यांपैकी काहींचा मजकूर वाचला की आश्चर्य वाटते, कारण तो घटस्फोटाचा कागद आहे. राक्षसीण घरातील पुरुषाशी किंवा स्त्रीशी जणू संसार थाटून बसली आहे असे गृहीत धरून तिला त्या काळच्या यहुदी कायद्यातील शब्दरचनेत सोडचिठ्ठी दिली जाते. घराच्या मालकाचे नाव आईच्या नावासह लिहिले जाते आणि तिने आता निघून जावे व पुन्हा येऊ नये असे बजावले जाते. राक्षसही कायदा मानतो, कागदपत्र नीट असेल तर त्याला जावेच लागते, हा विश्वास मला तलवारी आणि ज्वाळांपेक्षा अधिक मानवी वाटतो. घरात ठाण मांडून बसलेल्याला बाहेर काढण्यासाठी माणसाने नेहमी कागदाचाच आधार घेतला आहे.

अधिकार कोणाचा

वाडग्यावरची सोडचिठ्ठी कोणाच्या तरी अधिकाराने दिलेली असावी लागते, म्हणून तिच्यात देवदूतांची, राजा सॉलोमनची किंवा प्रसिद्ध धर्मपंडितांची नावे येतात. रक्षाकवचातील नाव हे सहीशिक्क्यासारखे असते. येथेच धर्म आणि जादू यांच्यातील जुना वाद उभा राहतो. यहुदी घरांच्या चौकटीवर लावली जाणारी मेझुझा म्हणजे धर्मग्रंथातील ठरावीक उताऱ्यांचे चर्मपत्र होय. ते लावण्याची आज्ञा ईश्वराच्या एकत्वाचे स्मरण राहावे यासाठी आहे. बाराव्या शतकातील थोर पंडित मायमोनिडिस यांनी, त्या चर्मपत्रात देवदूतांची नावे आणि मुद्रा घुसडणाऱ्यांना कडक शब्दांत फटकारले, कारण अशा लोकांनी एका महान आज्ञेला स्वतःच्या फायद्यासाठीचा ताईत करून टाकले, असे त्यांचे म्हणणे होते. चौकट तीच, चर्मपत्र तेच, पण एकासाठी ते स्मरण आहे आणि दुसऱ्यासाठी कुलूप. हा फरक वस्तूत नसून ती लावणाऱ्याच्या मनात असतो, आणि म्हणून तो वाद कधी मिटला नाही.

देहाच्या कवचात नावाचे हे काम अधिकच बारकाईने होते. घराला चारच कोपरे असतात, देहाला मात्र असंख्य फटी. त्यामुळे मंत्र अवयवांची यादी करत जातो. आयर्लंडमध्ये लॅटिनात आणि जुन्या आयरिश भाषेत रचलेल्या ‘लोरिका’ नावाच्या प्रार्थना आहेत. ‘लोरिका’ याचा शब्दशः अर्थ चिलखत असा आहे. सातव्या शतकातील अशा एका लॅटिन प्रार्थनेत डोक्यापासून खालपर्यंत एकेक अवयव सांगून त्याच्या रक्षणाची याचना केली आहे. संस्कृतातील ‘कवच’ या स्तोत्रप्रकारात हेच घडते : मस्तकाचे रक्षण अमुक नावाने, कपाळाचे अमुक नावाने, डोळ्यांचे अमुक नावाने. दोन्ही परंपरांचा परस्परांशी संबंध नसताना शब्दही एकच, चिलखत, आणि पद्धतही एकच. यादीत एखादा अवयव राहिला तर तेथून वार होईल ही धास्ती दोन्हीकडे सारखीच आहे. इथिओपियात तर लेखक-वैद्य चर्मपत्राची गुंडाळी रुग्णाच्या उंचीइतकी लांब करतात, म्हणजे नखशिखान्त संरक्षण मिळते. मराठीत आपण जिवाभावाच्या माणसाला ‘गळ्यातला ताईत’ म्हणतो. ताईत हा सर्वांत जवळ, कातडीला लागून असतो, एवढेच त्या वाक्प्रचाराला सुचवायचे असले, तरी संरक्षण आणि जवळीक यांची सांगड त्यात आपोआप घातली गेली आहे.

रेघ आणि रिंगण

वर्तुळ हा रक्षाकवचाचा सर्वांत उघडावाघडा आकार आहे, कारण त्याला कोपरा नसतो आणि फट नसते. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी सांगतो की लोखंडाच्या टोकाने माणसाभोवती वर्तुळ आखले, किंवा टोकदार शस्त्र त्याच्याभोवती तीन वेळा फिरवले, तर मोठ्यांचे आणि तान्ह्यांचे घातक औषधांपासून रक्षण होते. तसेच थडग्यातून उपसलेले खिळे उंबरठ्यात ठोकले तर रात्रीचे भास होत नाहीत. 1888 मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाने पंचकोनी ताऱ्याचा एक विधी शिकवला. त्यात साधक हवेत चारही दिशांना तारा रेखाटतो आणि समोर, मागे, उजवीकडे व डावीकडे एकेक देवदूत उभा असल्याची कल्पना करतो. आज जगभर लोक ‘संरक्षण विधी’ म्हणून जे करतात, त्यातील बराचसा भाग येथून उतरलेला आहे, हे करणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

वर्तुळाबद्दल एक गोष्ट सहसा विसरली जाते, आणि ती मराठी वाचकाला ‘लक्ष्मणरेषा’ या शब्दातून लगेच समजते. वाल्मीकींच्या मूळ रामायणात ही रेषा नाही, ती नंतरच्या कथनांतून आली. पण शब्द मात्र भाषेत असा रुजला की आज त्याचा अर्थ ‘ओलांडू नये अशी मर्यादा’ असाच होतो. बाहेरचा आत येऊ नये म्हणून आखलेली रेषा सर्वांत आधी आतल्यालाच बांधते. रावणाने रेषा तोडली नाही. आतल्या व्यक्तीने ती ओलांडावी अशी वेळ त्याने आणली. ज्या कवचामुळे घराबाहेर पाऊल टाकण्याचीच भीती वाटू लागते, ते कवच राहिलेले नसते, त्याचा तुरुंग झालेला असतो.

आज कवच कसे रचतात

जगभरातील आधुनिक साधक जो क्रम पाळतात तो थोडक्यात असा. आधी जागा स्वच्छ केली जाते. केर काढणे, मोडके सामान टाकणे, दारेखिडक्या उघडून हवा खेळवणे ही कामे विधीचाच भाग मानली जातात, कारण आत जे आहे त्यासकट सीमा बंद केली तर तेही आतच कोंडले जाईल. त्यानंतर घराभोवती किंवा घरातून एकदा पूर्ण फेरी मारून प्रत्येक दार, खिडकी आणि कोपरा यांची नोंद घेतली जाते. मग चिन्ह, शब्द किंवा वस्तू निवडली जाते, आणि कोणाला अडवायचे व कोणाला येऊ द्यायचे हे एका स्पष्ट वाक्यात ठरवले जाते. ‘सर्व वाईटापासून रक्षण होवो’ हे वाक्य ऐकायला चांगले असले तरी कामाला कच्चे आहे. मातीच्या कुत्र्याला दिलेली आज्ञा किती नेमकी होती ते आठवावे. शेवटी ते वाक्य उच्चारत प्रत्येक फटीपाशी चिन्ह ठेवले जाते आणि जेथून सुरुवात केली तेथेच फेरी पूर्ण केली जाते. देहासाठी हाच क्रम लहान प्रमाणात होतो : आंघोळ, श्वास स्थिर करणे, डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेणे आणि अंगावर बाळगायच्या वस्तूला ते वाक्य बोलून ‘भारणे’.

कालमर्यादा हा चौथा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित राहतो. जुन्या परंपरांत कवच नव्याने घालावे लागे, विरलेला दोरा बदलावा लागे, पुसलेले चिन्ह पुन्हा काढावे लागे. एकदा करून विसरून जाण्याची सोय फार थोड्या पद्धतींत आहे, आणि माझ्या मते विधीचा खरा उपयोग या नूतनीकरणातच दडलेला आहे. जो माणूस ठरावीक काळाने घराच्या प्रत्येक दारापाशी थांबतो, त्याला सैल झालेली कडीही दिसते आणि तडा गेलेली काचही.

हे काम करते का

कोणतेही चिन्ह, दोरा किंवा मंत्र आजार, चोरी, अपघात वा दुसऱ्याचा द्वेष थांबवतो याला पुरावा नाही. हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. परंतु माणसे अशा विधींकडे केव्हा वळतात, यावर मात्र चांगला अभ्यास झालेला आहे. मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून असे नोंदवले की शांत खाडीतील मासेमारीसाठी तेथील लोक जादू वापरत नसत, कारण ती सुरक्षित होती आणि मासे हमखास मिळत; खुल्या समुद्रातील धोकादायक मासेमारीसाठी मात्र विस्तृत विधी होते. कौशल्य दोन्हीकडे होते, अनिश्चितता फक्त एकीकडे. 1991 च्या आखाती युद्धात इस्राएलवर क्षेपणास्त्रे पडली, त्या काळाविषयी मानसशास्त्रज्ञ गियोरा केइनान यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही धोक्याच्या भागात राहणाऱ्यांमध्ये जादुई विचार अधिक आढळला, आणि ज्यांना अनिश्चितता सहन होत नाही त्यांच्यात तो विशेष वाढलेला दिसला.

यावरून रक्षाकवच घरातील भीतीवर काम करते, घराबाहेरच्या संकटावर नव्हे, असे म्हणता येईल. भीती कमी होणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. निवांत झोप लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी शहाणपणाने वागतो. मात्र ही मदत उलटूही शकते. विधी एकदा करून समाधान होत नसेल, तो पुन्हा पुन्हा करावासा वाटत असेल, चुकला तर अनर्थ होईल असा विचार पाठ सोडत नसेल, तर ती मानसोपचारतज्ज्ञाला भेटण्याची वेळ आहे. खरोखर कोणी धमकावत असेल, पाठलाग करत असेल किंवा घरातच मारहाण होत असेल, तर पहिला उपाय पोलीस आणि विश्वासातील माणसे हाच आहे.

वस्तूंच्या बाबतीतही काही साध्या काळज्या घ्याव्यात. बंद खोलीत धूर करू नये, दमा असलेल्या माणसाजवळ आणि लहान मुलांजवळ तर मुळीच नाही. पेटता दिवा सोडून झोपू नये. तान्ह्या बाळाच्या गळ्यात दोरा बांधू नये, कारण त्याने फास बसू शकतो. मातीत मीठ टाकले की झाडे मरतात. पारा आणि शिसे यांना कोणत्याही कवचात जागा देऊ नये. आणि जो माणूस आधी संकट दाखवतो, मग उपाय विकतो, आणि उपाय केल्यावर संकट आणखी मोठे असल्याचे सांगतो, त्याच्यापासून रक्षण करणारे कवच सर्वांत आधी घालावे. मंतरलेल्या दोऱ्याला आपल्या भाषेत ‘गंडा’ म्हणतात आणि फसवण्याला ‘गंडा घालणे’. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवले आहेत ते उगीच नव्हे असे वाटते.

राहता राहिला प्रश्न, जुने कवच सापडले तर काय करावे हा. इंग्लंडमधील जुन्या घरांची दुरुस्ती करताना भिंतीत, धुराड्याच्या कडेला किंवा छताखाली झिजलेला एखादा जोडा मिळतो. नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात विसाव्या शतकाच्या मध्यापासून अशा जोड्यांची नोंदवही ठेवली जाते आणि तिच्यातील नोंदी 2012 च्या सुमारास जवळजवळ 2000 पर्यंत पोहोचल्या होत्या. जोडा तेथे का ठेवला याची समकालीन लेखी नोंद जवळपास नाहीच, पण पायाचा आकार घेऊन बसलेली ती वस्तू माणसाच्या वतीने पहारा देत असावी असे अभ्यासक मानतात. घरमालक तो जोडा संग्रहालयात दाखवायला आणतात, त्याचे छायाचित्र काढले जाते, काळ ठरवला जातो, आणि त्यांच्यापैकी काही जण, आपला या गोष्टींवर विश्वास नाही असे म्हणत, तो जोडा परत नेऊन भिंतीत जेथे होता तेथेच ठेवतात.